ऑस्ट्रेलियाच्या जुन्या कागदी नोटा: सारखे सारखे येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

मी मेलबर्नला राहतो, नोटा जमवतो, आणि पुण्या-मुंबईच्या मित्रांकडून आणि त्यांच्याही मित्रांकडून तेच तेच प्रश्न व्हॉट्सॲपवर येतात. प्रत्येकाला वेगळं टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून सगळं एकाच ठिकाणी लिहून ठेवलंय. साधारण 1938 ते 1974 एवढाच काळ घेतलाय. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथं नंबर दिलाय, तिकडे जाऊन वाचा.

1. नोटेवर वर्षच छापलेलं नाहीये, मग ती कुठल्या सालची हे कळणार कसं?

सह्यांवरून. हा एक प्रश्न समजला की अर्धा छंद समजला. त्या काळातल्या ऑस्ट्रेलियन नोटांवर साल नसायचं, पण दोन सह्या असायच्या, एक बँकेच्या गव्हर्नरची आणि दुसरी ट्रेझरीच्या सेक्रेटरीची, म्हणजे आपल्या भाषेत अर्थखात्याच्या मुख्य सचिवाची. दोघांपैकी एक जरी बदलला तरी नवी जोडी तयार होते, आणि संग्रह करणारे लोक नोटेला त्या जोडीच्या नावानंच ओळखतात.

सहाव्या जॉर्जच्या नोटा 1938 पासून निघाल्या. त्यात क्रम असा: शीहन-मॅकफार्लेन, मग आर्मिटेज-मॅकफार्लेन, मग कूम्ब्स-वॉट, शेवटी कूम्ब्स-विल्सन. राणी दुसऱ्या एलिझाबेथच्या काळातल्या पाउंडांवर शेवटपर्यंत कूम्ब्स-विल्सनच आहेत (तिथं एक गंमत आहे, प्र. 5 बघा). डॉलर आल्यावर कूम्ब्स-विल्सन, कूम्ब्स-रँडल, फिलिप्स-रँडल आणि फिलिप्स-व्हीलर. एवढ्या जोड्या पाठ केल्या की दुकानदारापुढं तुम्ही नवखे वाटत नाही.

2. पाउंड, शिलिंग, पेन्स... हा हिशोब एकदा नीट सांगाल का?

1 पाउंड म्हणजे 20 शिलिंग, 1 शिलिंग म्हणजे 12 पेन्स, म्हणजे पाउंडात 240 पेन्स. आपल्याकडे रुपयात 16 आणे आणि 192 पै होत्या तसलाच प्रकार. आपण 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आणून मोकळे झालो, ऑस्ट्रेलियाला त्यासाठी 14 फेब्रुवारी 1966 पर्यंत थांबावं लागलं. बदलाचा दर सोपा ठेवला होता, 10 शिलिंगला 1 डॉलर, म्हणजे पाउंडाचे 2 डॉलर. जुनी मंडळी पाउंडाला 'क्विड' म्हणतात आणि दहा शिलिंगला 'टेन बॉब', विकणाऱ्यांच्या बोलण्यात हे शब्द अजून येतात म्हणून माहीत असू द्या.

3. सहाव्या जॉर्जच्या नोटा आणि राणीच्या वेळच्या नोटा, फरक काय? नवीन माणसानं कुठल्या घ्याव्यात?

जॉर्जच्या सेटमध्ये चारही नोटांवर राजाच आहे. 10 शिलिंग नारिंगी, 1 पाउंड हिरवी, 5 पाउंड निळी, 10 पाउंड लाल. राजा फेब्रुवारी 1952 मध्ये गेला, आणि 1953-54 मध्ये नवा सेट आला त्यात राणीला फक्त एकाच नोटेवर जागा मिळाली, बाकी तीन नोटा दर्यावर्दी आणि गव्हर्नर लोकांनी घेतल्या. मला स्वतःला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो, कारण इथपासून नोट 'राजा कोण' एवढंच सांगायचं सोडून 'हा देश कोणी उभा केला' ते सांगायला लागते. अर्थात त्या वेळच्या सरकारला जे लोक आठवले तेच, मूळनिवासी त्यात कुठंच नाहीत (प्र. 9).

नवीन असाल तर राणीचा 1 पाउंड आणि फ्लिंडर्सचे 10 शिलिंग या दोन नोटांपासून सुरू करा. भरपूर सापडतात, चूक झाली तर खिसा फार कापला जात नाही.

4. 1953-54 च्या सेटमध्ये कोणाकोणाचे चेहरे आहेत? नेटवर उलटसुलट वाचलंय.

10 शिलिंग, तपकिरी: पुढे मॅथ्यू फ्लिंडर्स, मागे कॅनबेराचं संसद भवन. फ्लिंडर्सनं 1802-03 मध्ये पूर्ण ऑस्ट्रेलियाला जहाजानं वळसा घातला आणि 'ऑस्ट्रेलिया' हे नाव रूढ करण्यात त्याचा मोठा हात.

1 पाउंड, हिरवी: पुढे राणी, मागे चार्ल्स स्टर्ट आणि हॅमिल्टन ह्यूम, दोघंही आतला मुलूख शोधून काढणारे.

5 पाउंड, निळी: पुढे सर जॉन फ्रँकलिन, मागे बैल, मेंढी आणि शेतीमालाचा देखावा. लोक विचारतात हा तर आर्क्टिकच्या बर्फात हरवलेला माणूस, ऑस्ट्रेलियाशी काय संबंध? आहे ना. फ्रँकलिन पोरगेला असताना फ्लिंडर्सच्या 'इन्व्हेस्टिगेटर' जहाजावर मिडशिपमन होता आणि पुढे 1837 ते 1843 टास्मानियाचा लेफ्टनंट गव्हर्नर होता. म्हणजे 10 शिलिंगवर कप्तान आणि 5 पाउंडवर त्याच्याच जहाजावरचा पोरगा, हे दोघं एका अल्बमच्या पानावर शेजारी लावले की मजा येते.

10 पाउंड, लाल: पुढे आर्थर फिलिप, 1788 मध्ये पहिला ताफा घेऊन आलेला न्यू साउथ वेल्सचा पहिला गव्हर्नर. मागे विज्ञान आणि उद्योगाचं प्रतीक म्हणून एक स्त्री. सेटमधली सगळ्यात देखणी नोट, आणि त्या काळी ही खिशात असणं म्हणजे मोठी गोष्ट, त्यामुळं लोकांनी आठवण म्हणून बाजूला काढून ठेवण्याचं प्रमाण कमी, म्हणून चांगल्या अवस्थेतली महाग.

5. माझ्याकडे दोन पाउंड आहेत, दोन्हीवर कूम्ब्स-विल्सन, दोन्ही राणीचे, तरी कॅटलॉगमध्ये वेगळे नंबर का?

सहीच्या खाली काय पद लिहिलंय ते भिंग घेऊन वाचा. एकीवर गव्हर्नर, कॉमनवेल्थ बँक ऑफ ऑस्ट्रेलिया असेल आणि दुसरीवर गव्हर्नर, रिझर्व बँक ऑफ ऑस्ट्रेलिया. तोपर्यंत कॉमनवेल्थ बँक दोन्ही कामं करायची, लोकांच्या ठेवी पण घ्यायची आणि देशाच्या नोटा पण काढायची. 14 जानेवारी 1960 पासून नोटांचं काम वेगळ्या रिझर्व बँकेकडे गेलं, माणूस मात्र तोच राहिला, एच. सी. कूम्ब्स, ज्याला अख्खा देश 'नगेट' म्हणायचा. सही तीच, चित्र तेच, रंग तोच, खाली बारीक अक्षरात नोकरी बदललेली! मी पहिली दोन वर्षं हे बघितलंच नव्हतं आणि एकच प्रकार दोनदा घेतला समजून एक नोट मित्राला देऊन टाकली. तो अजून परत देत नाही.

6. ऑस्ट्रेलियाच्या चलनाचं नाव 'रॉयल' होणार होतं हे खरं की फॉरवर्ड?

खरं. 1963 च्या जूनमध्ये सरकारनं जाहीर केलं की दशमान चलनाचं नाव 'रॉयल' असेल. पंतप्रधान मेन्झीस पक्के राजभक्त, त्यांना नाव आवडलेलं. लोकांना अजिबात आवडलं नाही, इतकी टिंगल झाली की सप्टेंबरमध्ये गपचूप 'डॉलर' करावं लागलं. लोकांनी सुचवलेल्या नावांमध्ये 'रू', 'ईमू', 'ऑस्ट्रल' असली नावं होती, त्यामानानं डॉलर फारच सोज्वळ म्हणायचा. रॉयलच्या नोटांची चाचणी डिझाइन्स तयार झाली होती पण चलनात एकही नोट आली नाही, त्यामुळं कोणी तुम्हाला 'वापरलेली रॉयल नोट' विकत असेल तर नमस्कार करून निघा.

7. 1966 च्या डॉलर नोटा इतक्या वेगळ्या का दिसतात? डिझाइन कोणाचं?

गॉर्डन अँड्र्यूज, सिडनीचा डिझायनर. बँकेनं मोजक्या डिझायनर लोकांना बोलावून स्पर्धा घेतली, अँड्र्यूजसोबत रिचर्ड बेक, मॅक्स फोर्ब्स आणि जॉर्ज हॅमोरी होते. अँड्र्यूज जिंकला कारण त्यानं नोट हे सरकारी सर्टिफिकेट आहे असं धरलंच नाही. 2 डॉलरची नोट हातात घ्या म्हणजे कळेल. एका बाजूला जॉन मॅकआर्थर आणि त्याच्यामागं मेरिनो मेंढा, दुसऱ्या बाजूला विल्यम फॅरर आणि गव्हाच्या ओंब्या. माणूस आणि त्याचं काम एकमेकात मिसळून गेलंय, चौकटीत कोंबलेला चेहरा नाही, आणि बारीक जाळीच्या रेषा अशा फिरवल्यात की डोळा कुठं थांबतच नाही.

बाकीच्या: 1 डॉलरवर राणी आणि मागे मूळनिवासी कला (प्र. 9), 10 वर वास्तुविशारद फ्रान्सिस ग्रीनवे (प्र. 10) आणि लेखक हेन्री लॉसन, 20 वर विमानवाले चार्ल्स किंग्जफर्ड स्मिथ आणि लॉरेन्स हार्ग्रेव्ह. पुढं 1973 ला 50 आली, तिच्यावर पेनिसिलिनवाले हॉवर्ड फ्लोरी आणि पशुवैद्यक शास्त्रज्ञ इयन क्लुनीज रॉस. बारा वर्षांत नोटेवरचे गव्हर्नर जाऊन मेंढपाळ, शेतकी शास्त्रज्ञ, कवी आले.

रंगांची पण युक्ती बघा. 10 शिलिंग तपकिरी म्हणून 1 डॉलर तपकिरी, पाउंड हिरवा म्हणून 2 डॉलर हिरवे, 5 पाउंड निळे म्हणून 10 डॉलर निळे, 10 पाउंड लाल म्हणून 20 डॉलर लाल. किंमत तीच, रंग तोच, दुकानात आजीबाई पण गोंधळणार नाहीत.

8. मग 5 डॉलरची नोट 1966 च्या सेटमध्ये का नाही? माझ्या सेटमधून हरवली की काय?

हरवली नाही, ती आलीच मे 1967 मध्ये. वर सांगितलेल्या रंगांच्या जोडीत बसेल अशी तिला जुनी बहीणच नव्हती (अडीच पाउंडची नोट कधी नव्हती), म्हणून लोकांना आधी बाकीच्या नोटांची सवय होऊ द्यायची ठरली. तिच्यावर वनस्पतीशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स आणि मागे कॅरोलिन चिझम, स्थलांतरित बायकांसाठी काम केलेली बाई. राणी सोडून ऑस्ट्रेलियन नोटेवर आलेली पहिली खरीखुरी स्त्री. आणि उशिरा आल्यामुळं या नोटेवर कूम्ब्स-विल्सन जोडी मिळत नाही, कूम्ब्स-रँडलपासूनच सुरुवात. शोधत बसू नका.

9. 1 डॉलरच्या मागचं चित्र चोरलेलं होतं असं ऐकलं, नक्की काय झालं होतं?

चोरलं म्हणण्यापेक्षा विचारलं नाही. ते चित्र उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडचे मूळनिवासी चित्रकार डेव्हिड मलांगी यांच्या झाडाच्या सालीवरच्या चित्रावर आधारलेलं आहे, गुर्रमिरिंगु या पूर्वज शिकाऱ्याच्या मृत्यूनंतरचे विधी त्यात आहेत. मूळ चित्र कारेल कुप्का नावाच्या संग्राहकाकडे गेलं होतं, त्याचा फोटो बँकेपर्यंत पोचला, आणि बँकेतल्या लोकांनी गृहीत धरलं की हे कुठल्यातरी कधीच मेलेल्या अनामिक माणसाचं असणार. माणूस चांगला जिवंत होता, चित्रं काढत होता! नोट निघाल्यावर गोष्ट बाहेर आली तेव्हा कूम्ब्सनी स्वतः लक्ष घालून त्यांना 1000 डॉलर, एक पदक आणि मासेमारीचं सामान दिलं. मूळनिवासी कलाकारांच्या कॉपीराइटचा विषय त्या देशात निघाला की आजही या नोटेचं नाव येतं. मलांगी 1999 मध्ये वारले.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो की 1 डॉलरची नोट अल्बममध्ये मागची बाजू वर करून लावा, राणी बाकी ठिकाणी भरपूर बघायला मिळते.

10. नोटेवर फोर्जरी करणाऱ्याचा फोटो? हे शक्य आहे का?

10 डॉलरवरचा फ्रान्सिस ग्रीनवे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला खोटा दस्तऐवज केला म्हणून 1812 मध्ये फाशीची शिक्षा झाली, ती बदलून 14 वर्षं काळं पाणी, म्हणजे ऑस्ट्रेलिया. तिथं जाऊन सिडनीच्या अर्ध्या सुंदर इमारती त्यानं उभ्या केल्या, हाइड पार्क बॅरॅक्स त्याचीच. आणि योगायोग असा की चलनात आल्या वर्षीच, 1966 च्या डिसेंबरात, मेलबर्नमध्ये खोट्या नोटा सापडल्या त्या नेमक्या याच 10 डॉलरच्या. त्या धक्क्यानं कूम्ब्सनी 1968 मध्ये शास्त्रज्ञांना एकत्र बसवलं, आणि त्यातूनच वीस वर्षांनी, 1988 ला, जगातली पहिली पॉलिमर, म्हणजे प्लॅस्टिकची, नोट निघाली, ती पण 10 डॉलरचीच. पॉलिमरचे प्रश्न मात्र मला विचारू नका, मी कागदी माणूस.

11. नंबरच्या शेवटी तारा आहे, याला काय म्हणतात? खरंच लॉटरी लागली का?

स्टार नोट. छपाईत एखादी नोट खराब झाली की तिच्या जागी ही बदली नोट बंडलात घालायचे, म्हणजे मोजणी पुरी राहते. आपल्या रिझर्व बँकेनं 2006 पासून हेच सुरू केलं, फक्त आपला तारा प्रीफिक्स (नंबरच्या आधीची अक्षरं) आणि नंबरच्या मध्ये असतो आणि ऑस्ट्रेलियाचा शेवटी. तिकडे ही पद्धत चाळीसच्या दशकाच्या शेवटी सुरू झाली आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. डॉलरच्या स्टार नोटांचा प्रीफिक्स 'झेड'नं सुरू होतो आणि नंतर सहाऐवजी पाचच आकडे असतात, सहावी जागा ताऱ्याची. सहा आकडे आणि वर तारा दिसला तर कोणीतरी घरी बसून कलाकारी केलीय.

लॉटरीचं म्हणाल तर पाउंडातल्या स्टार नोटा खरंच दुर्मिळ, डॉलरमधल्या सही आणि अवस्थेवर अवलंबून. मळकी स्टार नोट पण विकली जाते, साधी मळकी नोट कोणी घेत नाही, हा फरक.

12. कूम्ब्स-रँडल एवढी महाग का? दिसायला तर सगळ्या सारख्याच.

कमी काळ टिकली म्हणून. रँडल 1966 च्या शेवटी आले आणि कूम्ब्स 1968 मध्ये निवृत्त झाले, मधल्या काळात जेवढं छापलं तेवढंच. 1, 2, 10, 20 या चारींत ही जोडी मिळवताना घाम फुटतो, 5 मध्ये तेवढी नाही, कारण प्र. 8 मध्ये सांगितलंय. सेट पूर्ण करायचा हट्ट असेल तर ही जोडी आधी घ्या, बाकीच्या नंतर कधीही मिळतात.

13. एकीवर 'कॉमनवेल्थ ऑफ ऑस्ट्रेलिया' आणि दुसरीवर नुसतं 'ऑस्ट्रेलिया', यातली खोटी कुठली?

कुठलीच नाही. 1974 मध्ये नाव छोटं केलं. फिलिप्स-व्हीलर जोडीत दोन्ही प्रकार मिळतात, त्यामुळं फक्त सही बघून थांबू नका, वरचं नाव पण वाचा.

14. नोट करकरीत आहे, मग यूएनसीच (अनसर्क्युलेटेड, म्हणजे कधी न वापरलेली) ना?

नाही हो. इथंच सगळे फसतात, मी पण फसलोय. एका विक्रेत्याकडून फ्लिंडर्सची नोट 'अनसर्क्युलेटेड' म्हणून घेतली, पाकिटात एकदम सपाट, कडक. घरी आणून टेबल लॅम्प आडवा धरला तर मधोमध उभी घडी, दाबून सपाट केलेली, आणि कागदाला ती खडबडीत जान नाही, इस्त्री मारलेल्या नोटेसारखी गुळगुळीत. नोट धुतलेली पण होती, कारण नाकाला लावली तर जुन्या कागदाचा वासच नाही.

तर पद्धत अशी: उजेड समोरून नको, बाजूनं, नोटेच्या अंगालगत. घडी असेल तर सावली पडते. मग हळूच बोट फिरवा, चेहऱ्याची छपाई बोटाला उंचवटा लागली पाहिजे, दाबलेल्या नोटेत तो उंचवटा बसलेला असतो. शेवटी कोपरे, गोल झालेला कोपरा कुठलीच इस्त्री टोकदार करू शकत नाही. अवस्थेची साधारण उतरंड, सगळ्यात चांगलीपासून खाली, यूएनसी, एयूएनसी, ईएफ, व्हीएफ, एफ, व्हीजी अशी. एक हलकी घडी पडली की यूएनसी संपलं, आणि पैशात ती एक घडी फार महागात जाते.

15. खरी-खोटी ओळखायची सगळ्यात सोपी खूण?

उजेडासमोर धरा. 1953-54 च्या नोटांत आणि कागदी डॉलर नोटांत कॅप्टन कूकच्या चेहऱ्याचा वॉटरमार्क दिसतो, आणि तो कागदाच्या आत असल्यासारखा, कडा विरघळलेल्या. छापलेला खोटा वॉटरमार्क रेघांनी काढल्यासारखा दिसतो. डॉलरच्या नोटांत धातूचा धागा पण असतो. आणि बोटाचा उंचवटा (प्र. 14). या तीन गोष्टी जुळल्या तर निदान नोट खरी, मग नंबर खाडाखोड करून 'फॅन्सी' केलाय का ते भिंगातून बघा.

16. भारतातून मिळालेल्या नोटांना टाचणीची भोकं आहेत, किंमत गेली का?

कमी होते, पण अवस्था मुळातच मध्यम असेल तर फार नाही. यूएनसी नोटेला भोक असेल तर मात्र ती यूएनसी उरत नाही. भोक बुजवायला जाऊ नका. डिंक, टेप, तांदळाची पेस्ट, काही नको! पेनानं लिहिलेली बेरीज पण खोडू नका. विकताना दोष लपवू नका, फोटोत दाखवा, म्हणजे नंतर भांडणं होत नाहीत.

17. मुंबईत राहतो, पावसाळ्यात अल्बममध्ये नोटांवर तपकिरी ठिपके आले. काय करू?

दमट हवेतला बुरशीचा प्रकार. आलेले ठिपके जात नाहीत, घासलं तर छपाई जाते, तेव्हा आहेत तिथंच थांबवायचे. पहिलं काम म्हणजे स्वस्तातले पीव्हीसीचे, वास मारणारे पाउच फेकून द्या, ते कालांतरानं चिकट होतात आणि नोटेला धरतात. पॉलिस्टर किंवा मायलरचे पाउच घ्या. घट्ट बंद डबा, आत सिलिका जेल, आणि जेल दर पावसाळ्यात बदला. कोकणातल्या घरी तर भिंतीच्या कपाटात अजिबात ठेवू नका, भिंत ओल सोडते. उन्हात वाळवणं हा सगळ्यात वाईट सल्ला, आणि तोच सगळे देतात.

18. या नोटा अजून चालतात का? आजोबांच्या 10 पाउंडचे किती मिळतील?

कायद्यानं चालतात, ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व बँकेत पाउंडाला 2 डॉलर दरानं बदलून पण मिळतात, म्हणजे 10 पाउंडचे 20 डॉलर. पण तसं करू नका ओ! अगदी मळकी फिलिपची नोट पण संग्राहक त्यापेक्षा जास्तीला घेतो. बँकेत फक्त त्या नोटा न्याव्यात ज्यांचे तुकडे झालेत.

19. फोटो पाठवतो, किंमत सांगाल का?

एका फोटोवर नाही. पुढची, मागची, आडव्या उजेडातली एक, आणि सह्यांचा जवळून एक, असे चार पाठवा. नोट प्लॅस्टिकमधून काढून, पण ओल्या हातानं नाही. बोटं कडेला ठेवा, राणीच्या चेहऱ्यावर अंगठा ठेवून काढलेले फोटो रोज दोन तरी येतात. नंबर झाकायची गरज नाही, उलट प्रीफिक्स दिसला तर बरं, 1966 च्या 1 डॉलरचा पहिला प्रीफिक्स 'एएए' होता, 2 चा 'एफएए', 10 चा 'एसएए', 20 चा 'एक्सएए', तसला काही निघाला तर मीच तुम्हाला फोन करीन.